मलेरियाचा भाग, दीड वर्षाचं बाळ : लोहाचे थेंब सुरू करू का?

पावसाळी_आई: मुलगा दीड वर्षाचा, हिमोग्लोबिन ८.९. डॉक्टरांनी तीन महिने लोहाचे थेंब दिलेत. आमच्याकडे दर पावसाळ्यात मलेरिया असतो, आणि लोहाने तो बळावतो असं कानावर आलं. द्यावं का? साधे थेंबच परवडतात, महागडं सुचवू नका.

गोडघोट: आम्ही परदेशी सिरप मागवलं होतं. महाग आहे, पण चव एक नंबर. बघा जमलं तर.

काळेदात: चव जाऊ दे, दात काळे पडतात त्याचं काय? लेकीचे पडले. थेंब जिभेवर मागे सोडा, वरून पाणी पाजा. शीसुद्धा काळी होते. मी त्यापायी रात्री डॉक्टरांना उठवलं होतं!

जुनाजाणता: पावसाळा संपेपर्यंत थांबा. झांझिबारच्या पेंबा बेटावर लहान मुलांना लोह दिलं, तर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. २००६ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे.

प्रयोगशाळावाली: काका, पुढचंही वाचा की. तिथे लोह आणि फॉलिक ॲसिड सरसकट दिलं होतं, कोणाला कमतरता आहे ते न बघता. ज्या छोट्या गटात तपासण्या आणि मलेरियाचे उपचार नीट झाले, त्यातल्या लोह कमी असलेल्या मुलांना फायदाच झाला. डब्ल्यूएचओ २०१६ पासून हेच सांगते: लोह द्या, पण मलेरियाचा प्रतिबंध, निदान आणि उपचार सोबत हवेत. ताई, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

जुनाजाणता: मी पूर्ण वाचलंय. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, तरी करा आधी.

प्रयोगशाळावाली: करा, पण तापात नको. तेव्हा लोह कमी असूनही आकडा फुगलेला येतो.

काळेदात: मीपण तेच म्हणते, थांबा. आणि दात सांभाळा.

दोनपोरांचाबाप: बाटली उंच ठेवा. थोरल्याने गोड म्हणून तोंडाला लावली, रात्र दवाखान्यात काढली. लोह जास्त गेलं तर जिवावर बेततं.

गोडघोट: म्हणून म्हटलं, आमच्या सिरपला घट्ट झाकण आहे.

पावसाळी_आई: डॉक्टरांशी बोलले. ताप नाही, मलेरियाची तपासणी निगेटिव्ह. थांबले नाही, कालपासून साधेच थेंब चालू केले. ड्रॉपर पहिल्याच दिवशी चावून फोडला, आता सिरिंजने मोजून देते. निम्मे माझ्या ओढणीवर. जुन्या मच्छरदाणीला चार भोकं निघाली, औषध लावलेली नवी आणली. काका, रागावू नका.