हापूस विक्रीची वेबसाइट: लोक येतात, ऑर्डर येत नाही. आधी काय बदलू?

देवगडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. बागेतल्या हापूसच्या थेट विक्रीसाठी वेबसाइट करून घेतली आहे. बहुतेक लोक मोबाइलवरून येतात आणि पहिल्याच पानावरून परत जातात. वर पाच फोटोंचा स्लायडर (आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी) आहे, एकेक फोटो ४-५ एमबीचा. दरपत्रक पीडीएफमध्ये. मजकूर मराठीत, पिवळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं. ऑर्डरसाठी नऊ रकान्यांचा फॉर्म. मार्चअखेर हंगाम जोर धरेल, सगळं नव्याने करायला वेळ नाही. आधी कशाला हात घालू?

वेगवान_पान
फोटोंना. स्लायडर काढा आणि एकच फोटो ठेवा, पेटी उघडी असलेला. पाच फोटो म्हणजे २० एमबीच्या वर, आणि दुसरा फोटो सरकून येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो. राहिलेला फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करा, वेबपीमध्ये (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) साधारण ७५ क्वालिटीवर सेव्ह करा. १५०-२०० केबीत बसतो. कोडमध्ये त्याची रुंदी-उंची लिहायला सांगा, नाहीतर फोटो उतरताच खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. लेझी लोडिंग, म्हणजे फोटो जवळ आल्यावरच उतरवणं, फक्त खालच्या फोटोंना. वरच्याला लावलं तर तोच उशिरा येतो. मग पेजस्पीड इनसाइट्सवर (पानाचा वेग तपासणारं गूगलचं साधन) मोबाइलचा निकाल बघा. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची मर्यादा आहे.

आता दर. पीडीएफ मोबाइलवर उघडा, दोन बोटांनी मोठी करा, इकडेतिकडे सरकवा, एवढं कोण करतं? दर पानावरच साध्या मजकुरात द्या: फळाचं वजन ग्रॅममध्ये, पेटी किती डझनाची, दर, घरपोच खर्च धरून की वेगळा. आणि दर कोणत्या तारखेचा ते शेजारीच. आंब्याचा भाव आठवड्यात बदलतो. जुना दर तसाच राहिला तर फोनवर पहिलं वाक्यच घासाघिशीचं होतं.

अक्षरओळ
वरचं पटलं, पण मराठी मजकुराकडे कुणी बघितलंच नाही. पिवळ्यावर पांढरं आधी बदला. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) लागतो, आंब्याच्या पिवळ्यावर पांढरं २ : १ पर्यंतही पोचत नाही. ग्राहक भर उन्हात फोन बघत असेल तर त्याला नुसता पिवळा पट्टा दिसतो. पट्टा तसाच ठेवून अक्षरं गडद तपकिरी करा.

दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये (तयार साच्यात) ते कधीकधी अक्षराच्या आकाराच्या १.२ पटच असतं. देवनागरीत वर रफार-मात्रा, खाली उकार, म्हणून १.६ ते १.७ पट द्या. बटणाची उंची ठरावीक असेल तर ‘ऑर्डर’चा चंद्र आणि रफार छाटले जातात आणि बटणावर ‘आडर’ उरतं. उंची ठरवून देऊ नका, वर-खाली पॅडिंग (मोकळी जागा) द्या. शीर्षकांना लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य, नाहीतर शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरंही नकोत. बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती नसतात, ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकडं करतो.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) एवढ्याच दोन जाड्या. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लावा, टेम्प्लेटमध्ये ती इंग्रजीच राहून जाते. स्क्रीन रीडर (अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यावरूनच उच्चार ठरवतो, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तेही त्यावरूनच निवडले जातात. मजकूर छापखान्याच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून आला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदला. नाहीतर गूगलला तिथे निरर्थक रोमन अक्षरं दिसतात.

देवगडचा_बागायतदार
मजकूर युनिकोडच आहे. बटणावरचा रफार खरंच कापला जातोय, आत्ता बघितलं. फॉर्मचं काय करू? आणि व्हॉट्सअ‍ॅपचं गोल बटण आहे, ते पुरेसं नाही का?

फॉर्म_तपासनीस
नाही. ते तरंगतं बटण कुठे बसलंय बघा. उजव्या कोपऱ्यात असेल तर लहान स्क्रीनवर ‘ऑर्डर करा’ किंवा पेटीच्या संख्येचं अधिक चिन्ह नेमकं त्याच्याखाली झाकलं जातं. ते काढून तळाशी पूर्ण रुंदीची पट्टी करा: डावीकडे फोन, उजवीकडे व्हॉट्सअ‍ॅप, उंची निदान ४८ पिक्सेल. पानाला तळाशी तेवढीच जागा सोडा. फोनच्या लिंकमध्ये क्रमांक अधिक ९१ ने सुरू होऊ दे, म्हणजे दुबईतल्या माणसालाही लागेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये मात्र अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचा शून्य चालत नाही, थेट ९१ आणि पुढे दहा आकडे.

फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, पिनकोड आणि किती पेट्या. पूर्ण पत्ता पिनकोडवर पोचवता येतं हे कळल्यावर मागा. मोबाइलच्या रकान्यावर आकड्यांचाच कीबोर्ड उघडला पाहिजे. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर पान आपोआप मोठं होतं आणि पाठवायचं बटण कडेला जातं.

हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुमची त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर क्रमांक दराशेजारी मजकुरात लिहा. नुसता शिक्का फोटोत चिकटवला तर शोधात येत नाही.

आणि हंगामाचं पान दरवर्षी नव्या पत्त्यावर काढू नका. जुन्या पत्त्याला जमलेल्या लिंका आणि शोधातली जागा वाया जाते. जूनमध्ये त्याच पानावर ऑर्डरच्या जागी ‘पुढच्या हंगामात कळवा’ ठेवा, मोबाइल क्रमांकाचा एकच रकाना.