चिनी विद्यार्थ्यांना ‘प्ले’ कसं शिकवावं?

शब्दवेडी:
मँडरिनभाषक मुलांना (वय १५-१६, पातळी मध्यम) ऑनलाइन इंग्रजी शिकवते. ‘आय प्लेड माय फोन’, ‘वी प्लेड इन शांघाय फॉर थ्री डेज’ ही वाक्यं काही केल्या सुटत नाहीत. ‘खेळणे’ आणि ‘वाजवणे’ असे दोन अर्थ वेगळे करून सांगितले, तरी तेच. नेमकं काय बदलू?

बाराखडी:
खेळणे-वाजवणे ही फोड आपल्या मराठीची, त्यांची नाही. मँडरिनमध्ये हात, पाय, तोंड काय करतं त्यावर क्रियापद ठरतं. बास्केटबॉलला ‘ता’ म्हणजे मारणे, फुटबॉलला ‘थी’ म्हणजे लाथ मारणे, बुद्धिबळाला ‘श्या’, म्हणजे सोंगटी खाली ठेवणे. पियानो-गिटारला ‘थान’, बोटांनी छेडणे. व्हायोलिन आणि अरहूला (दोन तारांचं चिनी वाद्य) ‘ला’, कारण गज ओढायचा असतो. बासरीला ‘छ्वै’, फुंकणे. ढोल आणि पत्ते पुन्हा ‘ता’. भूमिका करणं ‘येन’, गाणं लावणं ‘फांग’.

हे आठ शब्द इंग्रजीत एकाच ‘प्ले’त जातात, त्याचा मुलांना त्रास होत नाही. चुका करवतो तो नववा, ‘वान’. मौज करणं, वेळ घालवणं, फिरणं, मित्राकडे जाणं, फोन चाळणं, सगळं ‘वान’. ‘प्ले’चा अर्थ म्हणून मुलांच्या डोक्यात तोच पक्का बसलेला असतो. तेव्हा शिकवायचं आहे ते ‘वान’, ‘प्ले’ नव्हे. शहराला ‘व्हिजिट’, मित्रांसोबत ‘हँग आउट’, घरी बोलवायला ‘कम ओव्हर’. मोठ्या माणसाने मोठ्याला ‘प्ले विथ मी’ म्हटलं तर पोरकट वाटतं, कधी नको तो अर्थही निघतो. १५-१६ वर्षांच्या मुलांना हे स्पष्ट सांगावं.

गजरा७:
बाराखडींशी सहमत. एक भर: ‘ता = प्ले’ असं समीकरण फळ्यावर लिहू नका. फोन करणं, टाइप करणं, शिंकणं, टॅक्सी पकडणं यांनाही ‘ता’च लागतो. ताईचीलासुद्धा (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) ‘ता’, म्हणून ‘प्ले ताईची’ येतं. तिथे ‘डू’ हवा. योगालाही ‘डू’. पोहणं, स्कीइंग यांना ‘गो’. (रोमन लिपीत हा ‘ता’ ‘डी’ने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘त’च्या जवळचा आहे.)

सामन्याच्या वाक्यातही घसरतात. मँडरिनमध्ये ‘जपानच्या संघासोबत’ खेळतात, म्हणून ‘प्ले विथ जपान’. इंग्रजीत त्याने जपान आपल्याच बाजूचा वाटू शकतो. ‘प्ले अगेन्स्ट जपान’ किंवा नुसतं ‘प्ले जपान’.

आणि ‘द’: खेळाआधी नाही, वाद्याआधी ‘प्ले द पियानो’. अमेरिकेत ‘प्ले पियानो’ही चालतं, तेव्हा त्यासाठी गुण कापू नका.

शब्दवेडी:
मग फोनवर गेम खेळणाऱ्याने काय म्हणायचं? आणि तासात क्रम कसा ठेवू?

बाराखडी:
‘प्ले गेम्स ऑन माय फोन’ बरोबर आहे. इथे ‘प्ले’ला कर्म म्हणून गेम लागतो, यंत्र नाही. नुसता फोन चाळत असेल तर ‘आय वॉज ऑन माय फोन’.

क्रम असा: १२ चित्रं घ्या, ८ ‘प्ले’ची (खेळ, वाद्यं, नाटक, गाणं) आणि ४ ‘वान’ची (फोन, संगणक, सहल, मित्राचं घर). आधी मुलांकडून मँडरिन क्रियापद वदवून घ्या, मगच इंग्रजी. ‘वान’ची चारही चित्रं शेवटी, एकत्र दाखवा. मध्येमध्ये पेरली तर ‘प्ले’ची सवय लागलेली असते आणि तीच चूक पुन्हा येते.