प्रतिपालकत्वातील मुलीला दत्तक घेतल्यावर आर्थिक मदत चालू राहते का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. बाल कल्याण समितीच्या आदेशाने नऊ वर्षांची एक मुलगी सव्वादोन वर्षांपासून प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, आमच्या घरी आहे. तिला सौम्य सेरेब्रल पाल्सी आहे. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेतून तिच्यासाठी दरमहा मिळणारे 4,000 रुपये बहुतांशी फिजिओथेरपीवर खर्च होतात. आता तिला दत्तक घ्यावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. एका कार्यालयात ‘पैसे चालू राहतील’ असे तोंडी सांगितले, तर दुसरीकडे नेमके उलट ऐकायला मिळाले. परवा पासबुक भरून आणले, तेव्हा तिने शेवटच्या नोंदीवर बोट ठेवून विचारले, “हे बंद झाले तर मला परत पाठवाल का?” त्या दिवसापासून चैन नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (रावपुरा)

ताई, बालसंरक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून स्पष्टच लिहितो. ही मदत प्रतिपालकत्वाशी जोडलेली आहे. दत्तकाचा आदेश झाला की मुलगी कायद्याने तुमचीच होते आणि प्रतिपालकत्व संपते, त्यामुळे ते 4,000 रुपयेही थांबतात. ‘चालू राहतील’ या तोंडी आश्वासनावर घरखर्चाचा हिशेब बसवू नका.

प्रतिपालकत्वाबाबत केंद्र सरकारने काढलेल्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक दोन वर्षांनंतर दत्तकासाठी अर्ज करू शकतात. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. मात्र समितीने मुलीला ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’, म्हणजे दत्तक देण्यास कायद्याने मोकळी, घोषित केलेले असले पाहिजे. तिचे आई किंवा वडील हयात असतील, तर बहुतेक प्रकरणे इथेच अडकतात, म्हणून सर्वांत आधी तो आदेश आहे का ते पाहा. आठ वर्षांवरील मुलांसाठी दांपत्याच्या वयांची बेरीज 110 पेक्षा जास्त चालत नाही. दत्तकाचा अंतिम आदेश आता न्यायालय नव्हे, तर जिल्हाधिकारी देतात.

थेरपीसाठी राष्ट्रीय न्यास या अपंगांसाठीच्या केंद्रीय संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना पाहा. सेरेब्रल पाल्सी तीत येते, संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आहे, आणि ती मुलीच्या अपंगत्वावर आधारलेली असल्यामुळे दत्तकानंतरही उपयोगी पडते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र तयार ठेवा.

उत्तर 2 (मांजलपूर)

थोडा वेगळा अनुभव सांगते. माझ्या दिवंगत भावाचा आणि वहिनीचा मुलगा आमच्याकडे वाढतो आहे, आणि त्याच्यासाठी गुजरात सरकारच्या ‘पालक माता-पिता’ योजनेतून महिना 3,000 रुपये येतात. शहरी भागात त्यासाठी सांभाळणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न 36,000 रुपयांपेक्षा जास्त असावे लागते आणि मुलाच्या शाळेचा दाखला लागतो. ही योजना अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे, दत्तक आईवडिलांसाठी नाही, म्हणून कुणी सुचवली तरी तुमचा वेळ तिच्यात दवडू नका.

ताई, पैशांसाठी दत्तक लांबवू नये, असे मला मनापासून वाटते. प्रतिपालकत्वात मुलीला वारसाहक्क नाही आणि समिती दरवेळी फेरविचार करते. ती अनिश्चितता या मुलांना मोठ्यांपेक्षा आधी कळते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. आमच्या वयांची बेरीज 97 आहे. मुक्ततेचा आदेश मात्र आमच्या फाइलीत नाही, म्हणून सोमवारी समितीकडे लेखी अर्ज देऊन त्याची प्रत मागणार आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी आजच देणार आहे. त्यासाठी कोणत्याही आदेशाची गरज नाही.