बीडीएसनंतर लगेच एमडीएस नको, आधी दोन वर्षं काम करा

मोलर_सातारा

बीडीएसची (दंतवैद्यकाची पहिली पदवी) इंटर्नशिप संपत आली की दरवर्षी तोच प्रश्न येतो: नीट-एमडीएसला (एमडीएस या पदव्युत्तर पदवीची प्रवेश परीक्षा) बसायचं की कुठे काम धरायचं? सर, सीनियर, घरचे सगळे एकच सांगतात, "नुसत्या बीडीएसला कोण विचारतंय, पीजी करून टाक." मला हा सल्ला पटत नाही. पहिल्याच प्रयत्नात सरकारी कॉलेजात हवी ती शाखा मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावी, त्यांच्यासाठी हा धागा नाही. बाकीच्यांनी दोन वर्षं जनरल प्रॅक्टिसमध्ये काढावीत आणि मगच ठरवावं.

मुख्य कारण हात. बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यातली पहिली दोन वर्षं फँटम हेड (सरावासाठीचं नकली डोकं), मेणाचे दात कोरणं आणि काढलेल्या दातांवरचं काम यांत जातात. रुग्ण मिळतात तिसऱ्या वर्षापासून, तेही ठरवून दिलेल्या केसेसच्या कोट्यापुरते. ज्या कॉलेजात पीजी (एमडीएसचे विद्यार्थी) आहेत तिथे पुढच्या, एकाच कालव्याच्या (मुळातल्या नळीच्या) दातांच्या रूट कॅनाल यूजीला (बीडीएसच्या मुलांना) मिळतात आणि दाढा पीजीकडे जातात. वरच्या पहिल्या दाढेतला एमबी-टू, म्हणजे चौथा कालवा, बहुतेकांनी इंटर्नशिप संपेपर्यंत स्वतः शोधलेला नसतो. तो राहून गेला की रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा दुखायला लागते. हाताची ही सफाई रोज केसेस केल्यानेच येते.

दुसरं, शाखेची निवड. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. ऑर्थोमध्ये (दात सरळ करणं) एकच रुग्ण दीड-दोन वर्षं दर महिन्याला समोर येतो, ओरल सर्जरीत हॉस्पिटलची रात्रीची ड्यूटी असते, पेडोमध्ये (लहान मुलांचे दात) रडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसवणं हेच अर्धं काम. यातलं आपल्याला काय झेपतं हे काम केल्याशिवाय कळत नाही. मग रँकला जी मिळाली ती शाखा घेतली जाते आणि तीन वर्षं तिच्यात जातात.

तिसरं, पैसा. खासगी कॉलेजातल्या एमडीएससाठी वीस लाख कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के आणि फेड दहा वर्षांची धरली, तर हप्ता महिन्याला सुमारे २७,००० रुपये बसतो. शिकतानाचं व्याज साठत गेलं तर त्याहून जास्त. नव्या एमडीएसला पहिल्या महिन्यापासून एवढा हप्ता देऊन घर चालवता येईल का, हे आधी कागदावर मांडा.

पल्प_चेंबर

साफ असहमत. हात बसतो हे खरं, पण कोणाच्या क्लिनिकमध्ये बसतो? नव्या बीडीएसला पुण्या-मुंबईत पंधरा ते पंचवीस हजारांवर ठेवणारी बरीच क्लिनिक्स त्याला शिकवण्यासाठी ठेवत नाहीत, मालक नसताना खुर्ची चालू राहावी म्हणून ठेवतात. तिथे रबर डॅम (लाळ रोखायला दाताभोवती लावायचा रबरी पडदा) कपाटात असतो. रोटरी फाइल (कालवा घासायची, मोटरवर फिरणारी सुई) किती दाढांसाठी वापरली याची नोंद नसते. दहा नंबरच्या, हाताने चालवायच्या के-फाइलने आधी वाट मोकळी न करता थेट रोटरी घातली की खालच्या दाढेच्या पुढच्या, वाकड्या कालव्यात तिचं टोक तुटतं, आणि मग "बघू, दुखलं तर" म्हणत वर कॅप बसते. दोन वर्षं हे पाहिलेल्या मुलाला तेच बरोबर वाटायला लागतं. एमडीएसच्या पहिल्या वर्षात गाइड ज्या सवयी लावतो त्या आधी लागल्या तर बऱ्या. लागलेली वाईट सवय मोडण्यात वर्ष जातं.

आणि परीक्षेचं काय? नीट-एमडीएस म्हणजे तीन तासांत २४० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. त्यातले १०० प्रश्न भाग अ मधले: अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी, शिवाय डेंटल अ‍ॅनाटॉमी आणि डेंटल मटेरिअल्स. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा अभ्यास. रोज नऊ तास क्लिनिक करून ब्रेकियल प्लेक्सस आणि क्रेब्ज सायकल पुन्हा पाठ करणारे किती? इंटर्नशिपमध्ये अभ्यास ताजा असतो, घरचे खर्च उचलत असतात. ती वेळ परत येत नाही.

विदर्भवासी

दोघेही शहर धरून बोलताय. तालुक्याच्या गावी गणित वेगळं आहे.

आमच्याकडे रुग्ण येतो तो सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारा, भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावून हिरड्या मागे सरकलेला, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याने दातांवर तपकिरी पट्टे पडलेला. सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होणं) ओळखता येणं, कॅन्सरचा संशय असलेल्या पांढऱ्या चट्ट्याची बायोप्सी वेळेत घेणं किंवा नागपूरला पाठवणं, हे बीडीएसच्याच अभ्यासक्रमात आहे आणि त्यावर माणसाचा जीव वाचतो. यासाठी पीजी लागत नाही. दात काढणं, फिलिंग, रूट कॅनाल, कवळी, सफाई या पाचांवर गावातलं क्लिनिक उभं राहतं.

खर्च सांगतो. एका खुर्चीचं साधं क्लिनिक, भाड्याची जागा आणि फर्निचर सोडून, साधारण आठ ते दहा लाखांत होतं. त्यात खुर्ची, क्लास बी ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायला), ऑइल-फ्री कंप्रेसर, एक्स-रे, आरव्हीजी सेन्सर (एक्स-रे थेट संगणकावर दाखवणारा), एंडोमोटर (रोटरी फाइल फिरवणारी), एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारा). पैसे वाचवायला लोक साधा, तेलाचा कंप्रेसर घेतात. त्या हवेतून तेलाचा अंश दातावर जातो, बाँडिंग (चिकटवणारा थर) धरत नाही आणि कंपोझिटची (दाताच्या रंगाची) फिलिंग सहा महिन्यांत निघून येते. दोष मटेरिअलला दिला जातो. दुसरी चूक पाण्याची. बोअरचं जड पाणी थेट खुर्चीला जोडलं की एअरोटरच्या (हवेवर चालणाऱ्या ड्रिलच्या) बारीक नळ्या क्षाराने बुजतात. पाण्याची बाटली असलेलं युनिट घ्या, त्यात आरओचं पाणी भरा.

कागदपत्रांत महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी, एक्स-रे मशीनसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा पोर्टलवरची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार. काढलेला दात पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. हे उद्घाटनाआधी करा, नंतर वेळ मिळत नाही.

पल्प_चेंबर

@विदर्भवासी, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. त्याच तालुक्याच्या क्लिनिकमध्ये महिन्यातून एक दिवस ऑर्थोडॉंटिस्ट येतो, अडकलेल्या अक्कलदाढेला ओरल सर्जन येतो, अवघड रूट कॅनालला एंडोवाला (रूट कॅनालचा तज्ज्ञ) मायक्रोस्कोप गाडीत घालून येतो. खुर्ची, भाडं, असिस्टंट सगळं बीडीएसवाल्याचं. व्हिजिटिंग कन्सल्टंट चार गावं धरून महिना भरतो, स्वतःचं क्लिनिक न उघडता. ही सोय फक्त एमडीएसला आहे.

मोलर_सातारा

ती सोय चार-पाच शाखांना आहे. ओरल पॅथॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थ करून व्हिजिटिंग कोणी बोलावत नाही. तिथे मुख्य वाट प्राध्यापकीची, आणि खासगी कॉलेजातल्या लेक्चररचा पगार चौकशी करूनच प्रवेश घ्यावा. माझं म्हणणं तेच आहे: शाखा न ठरवता "पीजी" असं मोघम ध्येय ठेवू नका.

रबर डॅमचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून काम धरताना पगाराआधी क्लिनिक बघा. पाच मिनिटं स्टरलायझेशनच्या टेबलाजवळ उभे राहा. निर्जंतुक केलेल्या उपकरणांच्या पाउचवर तारीख आहे का, दोन रुग्णांच्या मध्ये हँडपीस (ड्रिलचा दांडा) बदलतात की नुसता स्पिरिटने पुसतात, एवढ्यावरून ठरवता येतं. मग करार. टक्केवारीवर काम असेल तर ती लॅबचा खर्च वजा करून की न करता, हे लिहून घ्या. रूट कॅनाल आणि कॅप मिळून ७,००० घेतले, लॅबचे १,२०० गेले. तीस टक्के पूर्ण रकमेवर धरले तर २,१००, वजा करून धरले तर १,७४०. महिन्याला वीस केसेस असतील तर सात हजारांचा फरक पडतो. कॅप निघाली किंवा रूट कॅनाल पुन्हा करावी लागली तर खर्च कोणाचा, तेही त्याच कागदावर हवं. टीडीएस कापला जात असेल तर दरवर्षी विवरणपत्र भरा. पुढे क्लिनिकसाठी कर्ज मागताना बँक आधी तेच बघते.

अनघा_के

"आधी काम, मग शिक्षण" हा सल्ला मुलींना देताना जपून द्या. इंटर्नशिप संपते तेव्हा मुलगी तेवीस-चोवीसची असते. शिक्षण चालू आहे तोवर घरचे स्थळांना "अजून तीन वर्षं" सांगू शकतात. वीस हजारांच्या नोकरीवर असताना तसं सांगता येत नाही. लग्नानंतर दुसऱ्या गावी तीन वर्षं पूर्णवेळ एमडीएस करणाऱ्या फार थोड्या. कॉलेजांमधून आज मुलीच जास्त शिकतायत, म्हणून ही बाजूची अडचण समजू नका, निर्णयाच्या केंद्रस्थानी ठेवा.

शिवाय नीट-एमडीएसला बसायला इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख दरवर्षी अधिसूचनेत येते. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त सुट्ट्या झाल्या की इंटर्नशिप पुढे ढकलली जाते आणि थोड्या दिवसांनी ती तारीख हुकून पूर्ण वर्ष जातं. ज्यांना लगेच बसायचंय त्यांनी रजा पहिल्या महिन्यापासून मोजून घ्याव्यात.

टेम्स_काठ

परदेशी जायचं असेल तर मोलर_सातारा यांचं बरोबर आहे. ब्रिटनच्या ओआरईला (परदेशी दंतवैद्यांची नोंदणी परीक्षा) १,६०० तासांच्या क्लिनिकल कामाचा पुरावा लागतो, आखाती देशांत साधारणपणे इंटर्नशिपनंतरचा दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि मधला खंड त्यांना खटकतो. त्यामुळे जिथे काम कराल तिथून लेटरहेडवर, तारखा आणि आठवड्याचे तास घालून, सही-शिक्क्याचं पत्र नोकरी सोडतानाच घ्या. क्लिनिक बंद पडलं किंवा मालकाशी बिनसलं की ते मिळत नाही. अमेरिकेचा रस्ता आयएनबीडीई परीक्षा, मग कॅपिड या अर्जाच्या पोर्टलवरून अर्ज आणि परदेशी दंतवैद्यांसाठीचा दोन ते तीन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग अभ्यासक्रम असा आहे. इथलं एमडीएस असलं तरी सहसा तो टळत नाही. म्हणजे अमेरिकाच ठरलेली असेल तर इथे एमडीएसवर तीन वर्षं आणि वीस लाख घालणं दुहेरी खर्च आहे.

पल्प_चेंबर

जाणारे थोडे, राहणारे जास्त. धोरण राहणाऱ्यांसाठी ठरवायला हवं. तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. शहरात एकाच चौकात तीन पाट्या असताना रुग्ण नावाखाली काय लिहिलंय ते वाचतोच.

पालक_बारावी

मुलगी यंदा नीट देतेय. एमबीबीएसला गुण कमी पडतील असं दिसतंय. तुम्ही सगळे पुढचं बोलताय, पण खासगी बीडीएस घ्यावं का इथेच आम्ही अडलोय. तीन लाखांच्या आगेमागे वार्षिक फी सांगतात. फक्त गुण कमी पडले म्हणून डेंटलला जाणं योग्य आहे का?

अनघा_के

पालक, आधी फीचं बघा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात किंवा अभिमत विद्यापीठात गेलात तर ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची किंवा ईडब्ल्यूएसची कागदपत्रं फेरी सुरू होण्याआधी हातात ठेवा, तहसीलमध्ये ऐनवेळी रांग लागते.

मोलर_सातारा

आणि मुलीला हाताचं बारीक काम आवडतं का, हे तिलाच विचारा. दंतवैद्यक हे मिलिमीटरमध्ये चालणारं काम आहे. कॅपसाठी दाढ वरून दीड-दोन मिलिमीटर घासायची, त्याहून कमी घासली तर कॅप उंच बसते किंवा तिचं सिरॅमिक उडतं, जास्त घासली तर नस उघडी पडते. ते करताना तासन्‌तास मान वाकलेली. हे ऐकून तिचा उत्साह टिकला तर एमबीबीएसचा बदली पर्याय म्हणून नको, डेंटल म्हणूनच घ्या. नाही टिकला तर एक वर्ष पुन्हा तयारी केलेली बरी.

पल्प_चेंबर

पुन्हा तयारीबद्दल असहमत, गुण थोडक्यात हुकले असतील तरच ते वर्ष द्या. कॉलेज निवडण्याबाबत मात्र एक करा. पर्याय भरण्याआधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या ओपीडीत सोमवारी सकाळी अकराला जाऊन बसा. केसपेपरचा चालू नंबर बघा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या खुर्च्यांवर रुग्ण आहेत की मुलं मोबाइल बघतायत ते बघा. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे गर्दी असतेच, प्रश्न खासगी कॉलेजांचा आहे. फायनल इयरच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा: "कोट्याचे पेशंट कॉलेजात येतात, की तुम्हालाच गाडी करून आणावे लागतात?" दुसरं उत्तर आलं तर ते कॉलेज यादीत खाली टाका.