विजयनगरने घोड्यांसाठी गोव्याच्या भरवशावर राहायला हवं होतं का?

घाटमाथा:
१५१० साली पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि अरबस्तान-होर्मुझकडून येणारी घोड्यांची जहाजं गोव्यालाच लागली पाहिजेत, असा दंडक घातला. १५१५ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ बंदरही पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं. माल निघतो ते बंदर आणि उतरतो ते बंदर, दोन्ही एकाच्याच मुठीत. इकडे कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या रायचूर दुआबावरून विजयनगर आणि विजापूर एकमेकांच्या उरावर बसलेले.

आल्बुकर्कने या भांडणाचं काय केलं बघा. विजयनगरच्या रायाला सांगितलं, वर्षाला ३०,००० क्रुझादो (पोर्तुगीज सोन्याची नाणी) द्या, घोडे तुम्हाला. विजापूरला सांगितलं, गोव्यासमोरचा मुलूख सोडा, घोडे तुम्हाला. तुमचं घोडदळ ज्याच्या जिवावर उभं, तोच तुमच्या वैऱ्याशी सौदा करतोय! धामधुमीच्या काळात असा व्यापार एका सत्तेच्या हाती जाऊ देणं ही दख्खनच्या राजांची घोडचूक होती, असं माझं ठाम मत आहे.

नालबंद:
साफ असहमत. घोडा म्हणजे काही मिरी किंवा मखमल नव्हे, तो त्या काळचा दारूगोळा होता. दारूगोळा शेजाऱ्याला खुशाल विका, असं कोणता राजा म्हणेल?

फर्नाव नुनीज हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी विजयनगरात राहून गेला. त्याने लिहून ठेवलंय, की विजयनगरचा राजा साळुव नरसिंह एक हजार पर्दावांना (पर्दाव म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) तीन या भावाने घोडे घ्यायचा, जिवंत असोत वा मेलेले. वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पूर्ण पैसे. वरवर उधळपट्टी वाटते. पण समुद्रातली जोखीम राजाने स्वतःच्या अंगावर घेतली की व्यापारी दुसऱ्याचं दार कशाला ठोठावेल? १५४७ च्या पोर्तुगिजांबरोबरच्या तहात विजयनगरने हेच लेखी करून घेतलं: गोव्यात उतरलेले घोडे आम्हाला, विजापूरला एकही नाही. राजा घोड्याची किंमत मोजत होताच, पण तो शत्रूच्या पागेत जाऊ नये याचीही मोजत होता.

चौलबंदर:
तुम्ही दोघंही राजांच्या बाजूनेच बोलताय. जनावर घेऊन येणाऱ्या माणसाचं काय? अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात एकच घोडा घेऊन कोकणातल्या चौल बंदरात उतरला. जुन्नरला तिथला अंमलदार असदखानाने तो काढून घेतला आणि अट घातली: धर्म बदल, तर घोडा परत. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून सुटला, पुढे बीदरला घोडा विकला. ‘सरकारी नियंत्रण’ घाटावर पोचेपर्यंत असं एका ठाणेदाराची मर्जी होऊन बसतं.

घाटमाथा:
चौलबंदर, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

नालबंद, अडवणुकीचं धोरण म्हणताय तर कर्नाटक किनाऱ्यावरचं भटकळ बंदरही बघा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले मुसलमान व्यापारी बहमनींना घोडे विकतात म्हणून विजयनगरच्या राजाने त्यांची कत्तल करवली. वाचले ते गोव्यात जाऊन बसले, आणि पुढे तेच गोवा आदिलशाहीचं घोड्यांचं बंदर झालं. शत्रूची पागा रिकामी राहावी म्हणून उचललेल्या पावलाने शत्रूचं बंदर भरलं.

विकणाऱ्याचंही भलं झालं नाही. १५६५ ला तालिकोटची लढाई झाली, विजयनगर बसलं आणि गोव्याचं घोड्यांवरचं जकातीचं उत्पन्न ढासळलं. एकाच बड्या गिऱ्हाइकावर पेठ उभी केली की दुसरं काय होणार? तो सगळा पैसा पैदाशीत का घातला नाही? भीमथडीची, म्हणजे भीमेकाठची तट्टं इथल्याच मातीतली, आणि मराठ्यांनी पुढे त्यांच्यावर मुलूखगिरी केलीच ना?

नालबंद:
भटकळचं समर्थन मी करणार नाही. माणसं मारून व्यापार वळत नाही, हे मान्य.

पण भीमथडीचा दाखला इथे लागू पडत नाही. ते तट्टू काटक, थोड्या चाऱ्यावर दौड मारणारं, डोंगरात चपळ. मराठ्यांची लढाईची तऱ्हाच त्याच्या अंगाला जुळणारी होती. सोळाव्या शतकातली मोकळ्या मैदानातली फौज चिलखती स्वारासाठी उंच, भरल्या छातीचा घोडा मागायची, आणि तशी पैदास दख्खनच्या हवेत, इथल्या गवतावर टिकत नव्हती. बाहेरून आलेल्या घोड्यांना हरभरा शिजवून घालावा लागे. पैदास बसायला पिढ्या लागतात, आणि विजापूरची फौज कृष्णेपलीकडे उभी होती. त्या वर्षी घोडा आणायचा कुठून, तेवढं सांगा.