काठमांडूच्या दरबार चौकासाठी पाऊण तास पुरेल का?

सोलापूरकर:
दिवाळीनंतर आई-वडिलांना घेऊन आम्ही पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणार आहोत. यात्रा कंपनीने काठमांडूच्या हनुमानढोका दरबार चौकासाठी अवघा पाऊण तास ठेवला आहे, तोही दुपारी जेवणानंतर. वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम शिकवले, त्यामुळे जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि कडीपाट हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आईचे गुडघे दुखतात. २०१५ च्या भूकंपात तिथली बरीच देवळे पडली हे आम्हांला ठाऊक आहे, म्हणून वडिलांचे म्हणणे असे की, सगळे नव्यानेच उभे केले असेल तर आईला गर्दीतून चालवत नेण्यात काय अर्थ आहे? हा चौक थांबून पाहण्याजोगा आहे का, आणि असल्यास दोन वयस्क माणसांना तो कसा दाखवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

बागमतीकाठ:
नमस्कार. नोकरीनिमित्त सहा वर्षे मी काठमांडूत राहत होतो आणि त्या चौकात असंख्य वेळा गेलो आहे. पाऊण तास मुळीच पुरणार नाही, आणि दुपारची वेळ तर टाळावीच. सकाळी सात वाजता जा. त्या वेळी तिथे पर्यटक नसतात. हातात पूजेचे ताट घेतलेल्या बायका काळभैरवापुढे उभ्या असतात, झेंडूच्या माळा विकणाऱ्या नुकत्याच बसलेल्या असतात आणि कबुतरांचा थवा उठला की सगळा चौक क्षणभर झाकोळून जातो. काळभैरवाची सुमारे बारा फुटी पाषाणमूर्ती राजा प्रताप मल्ल याने सतराव्या शतकात इथे आणून बसवली. तिच्यासमोर खोटे बोलणारा जगत नाही अशी श्रद्धा असल्याने पूर्वी आरोपींना इथे आणून शपथ घ्यायला लावत असत.

याच राजाने १६७२ मध्ये राजवाड्याच्या दारावर हनुमान बसवला. त्याच्या चेहऱ्यावर शेंदराची पुटे इतकी चढली आहेत की नाक-डोळे आता ओळखूच येत नाहीत. जवळच राजवाड्याच्या भिंतीवर त्याचा १६६४ चा शिलालेख आहे. त्यात पंधरा लिपींचा वापर केला असून ऋतूंची काही इंग्रजी आणि फ्रेंच नावेही कोरलेली आहेत. लेख संपूर्ण वाचणारा कोणी भेटला तर त्याखालच्या तोटीतून दूध वाहील, असे स्थानिक लोक सांगतात.

न्यू रोडवर गाडीतून उतरल्यावर थोडे चालावे लागेल. देवळांच्या चौथऱ्यांच्या पायऱ्या रुंद आहेत. आईंना चढायला न लावता खालच्या पायरीवर बसू द्यावे, कारण तिथूनच बरेच काही दिसते. शिवपार्वती मंदिराच्या वरच्या खिडकीतून लाकडी शंकर-पार्वती, एखादे जोडपे माडीवरून रस्ता न्याहाळत असावे तसे, खाली वाकून पाहत असतात. ते त्यांना नक्की दाखवा. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी दराचे असते, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्यावे.

जुने लाकूड:
मी वास्तुजतनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून आपल्या वडिलांच्या शंकेपुरतेच लिहिते. सगळे नवे आहे ही समजूत बरोबर नाही. १५६४ मध्ये राजा महेंद्र मल्लाने बांधलेले तळेजू देवीचे उंच देऊळ भूकंपात उभे राहिले, आणि १७५७ चे कुमारीघरही, म्हणजे देवी मानल्या जाणाऱ्या कुमारीचे निवासस्थान. कुमारीघराच्या चौकात उभे राहून खिडक्यांच्या चौकटी पाहिल्यावर आपल्या वडिलांना तिथून हलावेसे वाटणार नाही. देवळांच्या उतरत्या छपरांना पेलणारे जे तिरके कोरीव टेकू असतात त्यांना तिथे टुंडाल म्हणतात. त्यांवरील देवांच्या आकृती तिथल्या नेवार समाजाच्या सुतारांनी घडवलेल्या आहेत, आणि ते कौशल्य आजही त्या खोऱ्यात जिवंत आहे.

ज्या वास्तूवरून शहराला नाव मिळाले ते काष्ठमंडप २५ एप्रिल २०१५ रोजी कोसळले. त्या वेळी आत रक्तदान शिबिर चालू होते, त्यामुळे माणसेही गेली. पुढे पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा पाया सातव्या शतकाच्या सुमाराचा असून तो शाबूत असल्याचे आढळले. पूर्वीच्या एका डागडुजीत मात्र मुख्य चार खांबांपैकी एकाचा खालचा सांधा नीट राखला गेला नव्हता. म्हणजे जुन्यांनी केलेली बांधणी कच्ची नव्हती, आपल्या काळातली दुरुस्ती कच्ची होती. स्थानिक रहिवाशांनी पुढाकार घेऊन, पारंपरिक साहित्य आणि पद्धती वापरून ते पुन्हा उभारले, आणि तेही त्याच पायावर. सुतारकाम शिकवलेल्या माणसाने अशी वास्तू नवी म्हणून सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यांनी आत जाऊन ते चार खांब पाहावेत.

घाटावरची:
वरील दोन्ही उत्तरांत आले नाही तेवढेच लिहिते. कुमारीघराच्या वरच्या खिडकीत कुमारी क्षणभर दर्शन देते, तेव्हा छायाचित्र काढण्यास सक्त मनाई असते. शाक्य कुळातील त्या लहान मुलीला देवीचे रूप मानतात, म्हणून आपणही हात जोडून उभे राहावे. आपण सोलापूरच्या, त्यामुळे तळेजू भवानी हे नाव कानी पडताच आईंना तुळजापूर आठवल्याशिवाय राहणार नाही. हे देऊळ सर्वसामान्य हिंदू भाविकांसाठी वर्षातून एकदाच, दशैंच्या नवमीला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला उघडते. दिवाळीनंतर गेल्यास बाहेरूनच नमस्कार करावा लागेल. पुन्हा कधी जमले तर इंद्रजात्रेला जावे. त्या जत्रेचा मुख्य दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी: आपल्याकडे गणपती विसर्जनाला निघतात त्याच दिवशी तिथे कुमारीच्या रथासोबत गणेश आणि भैरव यांचेही रथ ओढले जातात.

सोलापूरकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. यात्रा कंपनीशी बोलून खरेदीची सकाळ आम्ही चौकासाठी मागून घेतली आहे. सांध्याविषयीचा मजकूर वडिलांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि खांबाला मोजपट्टी लावण्याची परवानगी मिळते का, असे त्यांनी विचारले आहे.

जुने लाकूड:
मोजपट्टीऐवजी डोळ्यांनीच मापावे. आतल्या लाकडाला लोक देवाच्या भावनेने हात लावतात. बूट बाहेर काढून आत गेल्यावर मात्र हवा तितका वेळ घ्यावा.