सेर की एस्तार?

स्पॅनिशमध्ये 'असणं'साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा नियम पाठ करू नका, फसाल. शनिवारवाडा कुठे हलतोय? तरी एस्ता एन पुने. जागा सांगायची तर एस्तारच. अपवाद कार्यक्रमांचा: मैफल पुण्यात आहे, तिथे एल कोन्सिएर्तो एस एन पुने. आपली खरी अडचण ही की मराठीत दोन्हीला 'आहे'च. मी पुण्याची आहे: सोय दे पुने. मी पुण्यात आहे: एस्तोय एन पुने.

गुस्तारला, म्हणजे 'आवडणं' या क्रियापदाला, मात्र मराठीतूनच भिडा. मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं! इंग्रजीच्या ('आय लाइक') वळणानं गेलं की चुकून 'यो गुस्तो' होतं.